काय केलंस ते कळलं, खाल्लंस काय?

‘‘आज काय केलंस गं?’’ आई आणि लेकीच्या फोनवर हा प्रश्न ठरलेला असतो. ‘‘मेथीची भाजी, वरण-भात, गाजराची कोशिंबीर,’’ असे उत्तर येते. मग मेथीत लसूण किती घातला, कोशिंबिरीत दाण्याचे कूट होते का, इथपर्यंत गप्पा रंगतात. भाजीच्या गाडीपाशी आणि ऑफिसात डबे उघडताना हेच बोलणे चालते. या गप्पा कुणी फारशा मनावर घेत नाही. पण माणसे रोज नेमके काय खातात हे शोधण्यासाठी आहारतज्ज्ञ वापरतात ती एक प्रमुख पद्धत अशा गप्पांसारखीच आहे. फरक एका शब्दाचा. तिथे ‘काय केले’ऐवजी ‘काय खाल्ले’ असे विचारतात.

या पद्धतीत कालच्या २४ तासांत पोटात काय गेले ते आठवून सांगायचे असते. आधी माणूस सुचेल तशी यादी सांगतो. मग विसरलेल्या गोष्टी विचारल्या जातात: दुपारचा चहा, त्याबरोबरची दोन बिस्किटे, येता-जाता तोंडात टाकलेले फुटाणे. त्यानंतर वेळ आणि प्रमाण. आमटी किती, हे ठरवण्यासाठी ठरावीक मापाच्या वाट्या समोर ठेवतात. एका दिवसावरून अंदाज चुकू शकतो, म्हणून एकाच माणसाला दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी विचारणे चांगले. सणाचा किंवा उपवासाचा दिवस रोजच्यासारखा नसतो.

असे विचारले की स्वयंपाक आणि ताट यांतले अंतर दिसू लागते. बाईने घरात मेथी, वरण, भात, कोशिंबीर सगळे केलेले असते. मुलांना, नवऱ्याला, सासू-सासऱ्यांना वाढून ती शेवटी बसते, तेव्हा भाजीच्या कढईत चमचाभर मसाला उरलेला असतो. कालचा भात फोडणी देऊन ती संपवते, एखादी पोळी चटणीशी खाते. ‘काय केलंस’ला तिचे उत्तर चार पदार्थांचे असते, ‘काय खाल्लंस’ला दोनच पदार्थ उरतात. ती खोटे बोलत नाही, कारण तिला दुसरा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

या दुसऱ्या प्रश्नाला महत्त्व आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. पाळीत होणारा रक्तस्राव, जंत, जुनाट आजार, ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्यांतली काही. मात्र आहारातून पुरेसे लोह न मिळणे हे मोठे कारण आहे, आणि पालेभाजी, उसळ, अंडी, मासे यांसारखे पदार्थच शेवटी बसणाऱ्या ताटात कमी पडतात.

ताटात किती विविधता आहे हे पाहण्यासाठी अन्न व कृषी संघटनेने स्त्रियांसाठी एक साधे माप सुचवले आहे. अन्नाचे दहा गट केले आहेत: तृणधान्ये व कंद, डाळी-कडधान्ये, दाणे व बिया, दूधदुभते, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, गाजर-भोपळा-आंब्यासारखी ‘अ’ जीवनसत्त्व देणारी भाज्या-फळे, इतर भाज्या आणि इतर फळे. दिवसभरात यांतले किमान पाच गट पोटात जावेत. पोळी, बटाट्याची भाजी आणि भात हे तीन पदार्थ असले, तरी गट एकच. शिवाय १५ ग्रॅमपेक्षा कमी खाल्ले तर तो गट धरत नाहीत. म्हणजे चिमूटभर चटणी मोजणीत येत नाही. हे माप लोकसमूहाचा अंदाज घेण्यासाठी आहे, एकीच्या तब्येतीचे निदान त्यावरून करू नये. पण ताटाकडे पाहण्याची नजर त्याने मिळते.

वाटून खाल्लेला डबा इथे कामी येतो. एकीकडे पोळी आणि बटाट्याची भाजी, दुसरीकडे मटकीची उसळ, तिसरीकडे मेथी, चौथीकडे गाजराची कोशिंबीर. प्रत्येकीने नुसती चव न घेता दोन-दोन चमचे वाढून घेतले, तर एका गटाचे चार होतात. त्यावर लिंबू पिळले तर आणखी चांगले. ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांतले लोह शरीरात जास्त शोषले जाते. उलट जेवणाबरोबरचा चहा हे शोषण कमी करतो. तो तासाभराने घ्यावा.

घरी उपाय याहून सोपा आहे. वाढायला घेण्याआधीच शेवटी बसणारीची भाजी-उसळ वाटीत काढून झाकून ठेवायची. नाहीतर सगळ्यांनी एकत्रच बसायचे. सतत थकवा, जिना चढताना धाप, चेहऱ्यावर फिकेपणा असेल तर मात्र आहारावर न थांबता हिमोग्लोबिन तपासून डॉक्टरांना दाखवावे. गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजतात.

आणि फोनवरच्या गप्पा चालूच राहाव्यात. फक्त ‘‘मेथी केली होती’’ असे आईने सांगितले, की लेकीने पुढे विचारावे, ‘‘तुझ्या ताटात किती आली गं, आई?’’