रोमचे सोने आणि दख्खनचे कापड

उमरखेड परिसरातील शेतकऱ्याला 'काळी' आणि 'पांढरी' यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुन्या वस्त्यांच्या जागी अनेक पिढ्यांची राख आणि पडलेल्या भिंतींची माती साचून पांढरीची टेकाडे तयार झाली. विदर्भ-मराठवाड्यातील अशाच काही टेकाडांनी प्राचीन रोमशी असलेल्या संबंधांची साक्ष जपून ठेवली आहे.

रोम हे प्रारंभी टायबर नदीकाठचे शेतकऱ्यांचे लहानसे नगरराज्य होते. परंपरेनुसार इ. स. पूर्व ५०९ मध्ये तेथील राजेशाही संपून प्रजासत्ताक आले. तथापि सत्ता 'पॅट्रिशियन' या कुलीन वर्गाच्याच हाती राहिली. कर्जाने पिचलेल्या सामान्य 'प्लेबियन' वर्गाने दीर्घ संघर्ष करून आपले प्रतिनिधी नेमण्याचा हक्क मिळविला. इ. स. पूर्व ४५०च्या सुमारास 'बारा पाट्यांचा कायदा' लेखी स्वरूपात आला. साधेपणा हा त्या समाजाचा अभिमान होता. इ. स. पूर्व २१५ मध्ये, युद्धाच्या काळात, स्त्रियांनी अर्ध्या औंसाहून अधिक सोने बाळगू नये व रंगीत वस्त्रे वापरू नयेत, असा कायदा करण्यात आला. वीस वर्षांनी स्त्रियांनी रस्त्यावर येऊन तो रद्द करविला.

पुढे साम्राज्य विस्तारले. इ. स. पूर्व ३० मध्ये इजिप्त जिंकल्यावर तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यांच्या आधारे भारताकडे येणाऱ्या जहाजांची संख्या झपाट्याने वाढली. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या बाजारपेठांचे वर्णन आहे. तगरहून साधे कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे. उलट दिशेने मद्य, तांबे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी येत. भारत दरवर्षी रोमची पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून घेतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकाने त्याच शतकात केली.

हा व्यापार सातवाहनांच्या राज्यात भरभराटीस आला. गौतमीपुत्र सातकर्णीच्या प्रदेशांत विदर्भाचा उल्लेख नाशिकच्या शिलालेखात स्पष्ट आहे. यवतमाळला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांची दीड हजारांहून अधिक नाणी सापडली. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर आणि तेर येथे रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदके मिळाली. परदेशी नाणे येथील लोकांच्या गळ्यातील अलंकार झाले होते, हे त्यावरून दिसते. इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती तेरलाही मिळाली आहे.

हा पुरावा नाजूक आहे. घरबांधणीसाठी पांढरीची माती उकरली जाते, टेकाडे सपाट होतात. वस्तू कोणत्या थरात होती हे एकदा पुसले गेले की तिचा काळ ठरविणे कठीण होते. नाणी वितळवली गेली तर उरतो तो केवळ धातू. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शासनाने तो ठेवा घेतल्यास मोबदल्याचीही तरतूद आहे.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातील पांढरीतून मिळालेल्या हजारो वस्तू जपल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे उभे आहे. कापसासाठी ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्याला या इतिहासातून एक गोष्ट विशेष जाणवावी. रोमचे सोने दख्खनमध्ये आले, ते बऱ्याच अंशी येथे विणलेल्या कापडासाठी. त्या विणकरांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. त्यांच्या जगण्याच्या खुणा असतील, तर त्या पांढरीच्या मातीतच.