जुन्या सेलची पारख
लेखमाला : भंगारातली वीज (भाग ४)

लॅपटॉपची बॅटरी ‘गेली’ असं आपण म्हणतो, तेव्हा तिच्यातले सगळे सेल सहसा गेलेले नसतात. गेल्या आठवड्यात आपण पॅक उघडला : दोन-दोन सेल समांतर आणि अशा तीन जोड्या एकापुढे एक. यातली एक जोडी अशक्त झाली की ती इतरांच्या आधी रिकामी होते आणि आतलं सर्किट अख्खा पॅक बंद करतं. तिच्यासोबत उरलेले चार सेलही भंगारात जातात. आयबीएमच्या भारतातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये टाकून दिलेल्या लॅपटॉप बॅटऱ्या तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे ७० टक्के बॅटऱ्यांत एक एलईडी दिवा रोज चार तासांहून जास्त, वर्षभर चालेल एवढी ताकद होती. बंगळुरूमध्ये त्यांनी तसा दिवा करून लोकांना वापरायलाही दिला.

प्रश्न उरतो तो चांगला सेल ओळखण्याचा.

सुटा केलेला सेल आधी डोळ्यांनी पाहा. गंज, गळती, चेपलेली बाजू दिसली तर पुढची परीक्षा नकोच. वरचं प्लास्टिक फाटलेलं असेल तर जास्त जपा, कारण सेलचं सगळं धातूचं अंग ऋण असतं आणि वरच्या टोकाशी धन व ऋण यांच्यामध्ये फक्त एक पातळ कडं असतं. तिथे निकेलची पट्टी टेकली तरी शॉर्ट होतो.

मग मल्टिमीटर. अडीच-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर सेल परीक्षेला बसू शकतो. दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला सेल मात्र मी घेत नाही. एवढ्या खाली गेलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे साचतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. असा मेलेला सेल थेट वीज देऊन ‘उठवून’ देणारे बाजारात भेटतात. तो उठतोही, पण कधी पेटेल याचा भरवसा नाही.

चार्जिंगसाठी टीपी ४०५६ ही छोटी पाटी पुरते. ती ४.२ व्होल्टला थांबते, आणि त्यापुढे जायचंच नाही. सेल फरशीवर ठेवा, गादीवर नको, आणि चार्ज होत असताना घराबाहेर जाऊ नका. मधून मधून हात लावून पाहा. एवढ्याशा प्रवाहाला जो सेल चांगलाच तापतो, तो बाद.

खरी परीक्षा इथून सुरू होते आणि नेमकी तीच लोक टाळतात, कारण तिला उपकरण लागत नाही, दिवस लागतात. चार्ज झालेला सेल एक दिवस स्थिरावू द्या, व्होल्टेज त्याच्या अंगावरच लिहा आणि महिनाभर बाजूला ठेवा. निरोगी सेल जवळजवळ तिथेच राहतो. जो चार व्होल्टच्या खाली घसरला, तो आतून गळतो आहे. त्याची क्षमता कितीही चांगली आली तरी तो पॅकमध्ये घालू नका. समांतर जोडीत असा सेल शेजाऱ्यालाही रिकामा करत राहतो.

क्षमता शेवटी मोजायची. अर्ध्या अँपिअरने तीन व्होल्टपर्यंत रिकामा करा. नव्याने २२०० एमएएचचा असलेला सेल १७०० च्या वर आला तर उत्तम, १३०० च्या आसपास आला तर दिव्यापुरता. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत ९९०० एमएएच छापलेला याच आकाराचा नवा सेल दिसला तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. नावाजलेल्या कंपन्यांचे या आकाराचे सेलही साधारण ३५०० च्या आसपासच थांबतात. त्यापेक्षा तपासून घेतलेला जुना सेल मला जास्त भरवशाचा वाटतो.

नापास सेलांचं काय करायचं? दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे एकमेकांना टेकून ठिणगी पडणार नाही. घरच्या कचऱ्यात किंवा घंटागाडीत मात्र टाकू नका, गाडीत दाबले गेले की ते पेट घेतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जवळच्या ई-कचरा केंद्रात नेऊन द्या.

पुढील आठवड्यात : पास झालेल्या सेलांचा पॅक, स्पॉट वेल्डिंग आणि संरक्षक सर्किट. तोवर तुमचे सेल चार्ज करून, आकडा लिहून बाजूला ठेवा.