डोळ्यातील कुसळ आणि पहिले अठरा तास

भाताची मळणी, उसाची तोडणी किंवा गव्हाची कापणी चालू असताना शेतकऱ्याच्या डोळ्यात कुसळ, पाचटाचे टोक अथवा मातीचा कण जाणे ही नित्याची बाब होय. डोळा चोळून, पाण्याचा हबका मारून काम पुढे चालू ठेवले जाते. दोन-तीन दिवसांत डोळा लाल होतो, पाणी गळू लागते, उजेड सहन होत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. ग्रामीण भागात ज्याला 'डोळ्यात फूल पडणे' म्हणतात, त्याचा आरंभ पुष्कळदा असा होतो. 2015-19 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार, 50 वर्षांखालील व्यक्तींच्या अंधत्वापैकी 37.5 टक्के अंधत्वास बुबुळावरील अपारदर्शकता कारणीभूत होती. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते; फुलामुळे गेलेली दृष्टी मिळवणे मात्र फार कठीण असते. म्हणूनच या व्याधीच्या प्रतिबंधास विशेष महत्त्व आहे.

व्रण कसा होतो?

डोळ्याच्या पुढील काचेसारख्या पडद्यास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळेच तो पारदर्शक राहतो. त्याचा वरचा पातळ थर शाबूत असेपर्यंत जंतूंना सहसा आत शिरकाव मिळत नाही. हा थर खरचटला तरी तो बहुधा एक-दोन दिवसांत भरून येतो. परंतु तेवढ्या अवधीत जिवाणू किंवा बुरशी आत शिरली, तर खोल व्रण होतो आणि तो बरा झाल्यावरही वण मागे राहतो. वनस्पतीच्या काडीकुसळाबरोबर बुरशीचे बीजाणू येत असल्याने शेतकरी व शेतमजूर यांना हा धोका अधिक असतो.

मदुराईची पाहणी

तामिळनाडूतील मदुराई येथे 1994 च्या पहिल्या तीन महिन्यांत स्वच्छमंडलाच्या व्रणाचे 434 रुग्ण तपासण्यात आले. त्यांपैकी 65.4 टक्के रुग्णांच्या डोळ्यास आधी इजा झालेली होती. ज्या रुग्णांच्या नमुन्यांत जंतूंची वाढ झाली, त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांत केवळ बुरशी आढळली. इजा व व्रण यांचा संबंध अशा रीतीने स्पष्ट झाल्यावर प्रश्न उरला तो असा की, इजा होताच उपचार केल्यास व्रण टाळता येईल काय?

भक्तपूरचा प्रयोग

याचे उत्तर नेपाळमधील भक्तपूर येथे शोधण्यात आले. सुमारे 35 हजार लोकवस्तीत 81 प्राथमिक नेत्रसेवकांनी दोन वर्षे काम केले. स्वच्छमंडल खरचटलेल्या रुग्णांना एक टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस देण्यात आले. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. निकषांत बसणाऱ्या 442 रुग्णांपैकी 424 जणांची जखम जंतुसंसर्गाविना भरून आली. 18 तासांच्या आत आलेल्या 284 जणांपैकी एकालाही संसर्ग झाला नाही. 18 ते 24 तासांत आलेल्या 109 जणांपैकी चौघांना, तर 24 ते 48 तासांत आलेल्या 49 जणांपैकी 14 जणांना संसर्ग झाला. औषध तेच, मात्राही तीच. विलंब वाढला तसा धोका वाढला.

अर्थात, केवळ सेवक नेमल्याने कार्यभाग साधत नाही. नेपाळमध्येच पुढे अधिक व्यापक प्रमाणावर झालेल्या चाचणीत, असे सेवक असलेल्या व नसलेल्या विभागांतील व्रणांच्या एकूण प्रमाणात फरक दिसला नाही. तेव्हा जखमी माणूस वेळेवर उपचारांपर्यंत येणे, हाच या कार्याचा कणा म्हटला पाहिजे.

उपचारांची कसोटी

व्रण झाल्यावर तो जिवाणूंचा की बुरशीचा, हे ठरविण्यासाठी तो हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. कारण दोहोंची औषधे भिन्न आहेत. दक्षिण भारतातील 323 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्होरिकोनाझोल या नव्या औषधापेक्षा नाटामायसिन हे जुने औषध बुरशीच्या व्रणावर अधिक गुणकारी ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये नाटामायसिनचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. याउलट, दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब बुरशीस पोषक ठरून डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते.

गावाने काय करावे?

डोळ्यात काही गेल्यास डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याने धुवावा. रुतलेला कण स्वतः, किंवा गावातील जाणत्याकडून, पदराच्या टोकाने अथवा काडीने काढू नये. मध, एरंडेल, पाल्याचा रस किंवा अंगावरचे दूध डोळ्यात घालू नये. टोचणी, लाली किंवा अंधुकपणा राहिल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. तेथे रंगद्रव्याच्या साध्या चाचणीने खरचटलेली जागा दिसू शकते. ठिपका दिसत असल्यास वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मळणीयंत्रावर काम करताना साधा संरक्षक चष्मा वापरावा.

हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत ही माहिती देणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावी. आरोग्य केंद्रात मलम व रंगद्रव्याच्या पट्ट्या सुगीच्या दिवसांत शिल्लक आहेत ना, याची खातरजमा अधिकाऱ्यांनी करावी. या कामास मोठा निधी लागत नाही. मात्र एका दिवसाची मजुरी बुडेल म्हणून उपचार उद्यावर ढकलणाऱ्या मजुराला आजच वाटेला लावणारे कोणीतरी गावात असावे लागते.