टाकीत नेमकं काय भरलंय? येडशीहून मालवणला निघण्यापूर्वी

येडशीत पोहणं शिकायचं ते विहिरीत. कमरेला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधतात, काका काठावरून धीर देतात आणि पोर उडी घेतं. रामलिंगाचा धबधबा काय तो पावसाळ्यापुरता. अशा आपल्या कोरड्या मुलखातून सुट्ट्या लागल्या की गाड्या मालवण-तारकर्लीला निघतात, आणि परत आलेली मंडळी मोबाईलवर पाण्याखालचे फोटो दाखवत सांगतात, ‘ऑक्सिजनचं सिलिंडर लावून खाली गेलो होतो.’ इथूनच सुरुवात करू, कारण हे वाक्य चुकीचं आहे आणि ही चूक जिवावर बेतू शकते.

स्कूबाच्या टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो. आपण आत्ता घेतोय तीच हवा असते: 21 टक्के ऑक्सिजन, 78 टक्के नायट्रोजन आणि उरलेला टक्काभर इतर वायू. ती गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. दाब मोजतात ‘बार’मध्ये, समुद्रकाठी आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो तो साधारण 1 बार. 12 लिटरची टाकी 200 बारपर्यंत भरली की तिच्यात सुमारे 2,400 लिटर हवा बसते, आणि त्या हवेचंच वजन तीन किलोच्या आसपास भरतं. सोलापूर-धुळे रस्त्यावरच्या ट्रकच्या टायरमध्ये आठेक बार दाब असतो, त्यावरून अंदाज यावा.

आता पाण्यात उतरू. दर 10 मीटर खोलीला दाब 1 बारने वाढतो. म्हणजे 10 मीटरवर 2 बार, 30 मीटरवर 4 बार. तोंडात धरायचं यंत्र, म्हणजे रेग्युलेटर, भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने हवा देतं. त्यामुळे खोलवर घेतलेल्या प्रत्येक श्वासात जास्त नायट्रोजन फुप्फुसात जातो आणि रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळत राहतो.

गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी खाली ढकलली की दाब एकदम सुटतो आणि बुडबुडे उसळतात. पाणबुड्या फार वेळ खाली राहून झपाट्याने वर आला, तर त्याच्या शरीरात नायट्रोजनचे तसेच बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, अंगाला मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात, म्हणजे दाब अचानक उतरल्याने होणारा आजार. म्हणून प्रत्येक खोलीला ‘इतकीच मिनिटं’ अशी मर्यादा असते. पॅडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात साध्या हवेवर ती 18 मीटरला 56 मिनिटं आणि 30 मीटरला 20 मिनिटं आहे.

समृद्ध हवा, म्हणजेच नायट्रॉक्स, आली ती ही मर्यादा वाढवायला. तिच्यात ऑक्सिजन वाढवलेला असतो, बहुधा 32 किंवा 36 टक्के. ऑक्सिजन वाढला तेवढा नायट्रोजन घटला, आणि नायट्रोजन घटला की खाली थांबायला जास्त वेळ मिळतो. अमेरिकेच्या समुद्र व हवामान संस्थेत मॉर्गन वेल्स यांनी 1970च्या दशकात हे मिश्रण संशोधक पाणबुड्यांसाठी रुळवलं. 1985 पासून डिक रुत्कोव्स्की यांनी ते हौशी लोकांना शिकवायला घेतलं. 32 टक्क्यांच्या मिश्रणावर तीच मर्यादा 18 मीटरला सुमारे दीड तासावर जाते, 30 मीटरला अर्ध्या तासावर.

बहुतेकांची गफलत इथेच होते, म्हणून थोडं थांबून हिशेब करू. वेळेची मर्यादा वाढली म्हणजे टाकी जास्त पुरते, असं नाही. शांत पोहणाऱ्या माणसाला काठावर मिनिटाला 20 लिटर हवा लागते असं धरा. 18 मीटरवर दाब 2.8 बार, म्हणजे तिथे मिनिटाला 56 लिटर गेली. 2,400 लिटरमधून 50 बारची, म्हणजे 600 लिटरची शिल्लक वर येण्यासाठी राखायची. उरले 1,800 लिटर. ते साधारण 32 मिनिटांत संपतात. नवखा माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, त्याचे त्याआधीच संपतात. साध्या हवेने दिलेली 56 मिनिटंच जिथे वापरून होत नाहीत, तिथे वाढीव पैसे मोजून दीड तास विकत घेण्यात काय अर्थ?

मालवणात पहिल्यांदा उतरणाऱ्याला तर हा प्रश्नच येत नाही. ती डुबकी उथळ पाण्यात आणि थोड्या वेळाची असते, प्रशिक्षक शेजारी धरून असतो. तिला साधी, स्वच्छ हवा पुरते. ‘आमच्याकडे जास्त ऑक्सिजन देतो, दम लागणार नाही’ असं सांगून कोणी जादा पैसे मागितले, तर नम्रपणे नको म्हणावं. समृद्ध हवेने दम लागायचा थांबत नाही.

मग ती उपयोगी कोणाला? अंदमानात चार-पाच दिवस राहून रोज तीन-तीन डुबक्या मारणाऱ्याला, 20 ते 30 मीटरमध्ये फोटो काढत बसणाऱ्याला, आणि दिवसभर पाण्यात असणाऱ्या प्रशिक्षकाला. आधीच्या डुबकीचा नायट्रोजन अंगात उरलेला असताना दुसरी डुबकी मारायची, तेव्हा या हवेचा खरा फायदा होतो.

आता धोका. खोलवर दाबाखाली ऑक्सिजनच विषारी ठरतो. त्याचा स्वतःचा दाब 1.4 बारच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे, 1.6 बार ही अगदी शेवटची हद्द. हिशेब सोपा आहे. 30 मीटरवर एकूण दाब 4 बार, त्यातला 32 टक्के ऑक्सिजन म्हणजे 1.28 बार, चालेल. 40 मीटरवर 5 बार, तेव्हा तो होतो 1.6, नको. म्हणून 32 टक्क्यांच्या टाकीची कमाल खोली 33 मीटर आणि 36 टक्क्यांची 28 मीटर. साध्या हवेवर हौशी पाणबुडे 40 मीटरपर्यंत जातात. म्हणजे समृद्ध हवा आपल्याला जास्त खोल नेत नाही, उलट वरच थांबवते.

आणि टाकीत खरोखर शुद्ध ऑक्सिजन असता तर? 6 मीटरवरच 1.6 बारची हद्द गाठली गेली असती. दोन मजल्यांइतकीच ही खोली. त्याखाली कधी ओठ फडफडतात, कानात आवाज येतो, नजर आकसते. पण बरेचदा काहीच सूचना न मिळता आकडी येते. आकडी जमिनीवर आली तर माणूस सावरतो. पाण्याखाली तोंडातला रेग्युलेटर सुटतो आणि तो बुडतो. सुरुवातीच्या त्या वाक्याबद्दल मी इतका आग्रही आहे तो यासाठी.

भरण्याची रीतही माहीत असावी. एका पद्धतीत रिकाम्या टाकीत आधी मोजून शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वरून हवा भरतात. शुद्ध ऑक्सिजनच्या संगतीला तेलाचा थेंब आला तरी पेट घेऊ शकतो, म्हणून अशी टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह खास धुतलेला, तेलमुक्त असावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत कॉम्प्रेसरच्या तोंडाशीच ऑक्सिजन हवेत मिसळतात. तिसऱ्यात बारीक पडद्यातून हवा गाळून नायट्रोजन कमी करतात. टायरच्या दुकानातला कॉम्प्रेसर, वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन यांतलं काहीही विहिरीत किंवा तलावात उतरायला वापरू नये. तेलाची वाफ आणि इंजिनाचा धूर श्वासात गेला तर माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो.

टाकी हातात आली की ती स्वतः तपासायची. हे काम दुसऱ्यावर सोपवायचं नसतं. तळहातात मावेल एवढं ऑक्सिजन मोजायचं यंत्र असतं. ते आधी साध्या हवेत धरून आकडा 20.9 वर आणायचा. मग टाकीचा व्हॉल्व्ह अगदी हलका उघडायचा, इतका की नुसती फूस ऐकू यावी. आकडा चढत जातो, 28, 30, 31.5, आणि एका जागी ठरतो. तो ठरेपर्यंत थांबायचं. घाई करून मधलाच आकडा लिहिणं ही नेहमीची चूक. जोरात व्हॉल्व्ह उघडणं ही दुसरी, कारण दाबाने आकडा फसवा येतो. मग टाकीच्या चिकटपट्टीवर टक्केवारी, कमाल खोली, तारीख आणि आपलं नाव लिहायचं, केंद्राच्या वहीत सही करायची. मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणाऱ्या घड्याळावर, हीच टक्केवारी भरायची. टाकीत 32 आणि घड्याळात 21 राहिलं, तर घड्याळ कमाल खोलीचा इशारा चुकीच्या जागी देईल.

ही हवा मागायला प्रमाणपत्र लागतं. मूळ डायव्हिंगचा अभ्यासक्रम झाल्यावर नायट्रॉक्सचा वेगळा, छोटा अभ्यासक्रम असतो. पॅडीच्या नियमाने वय किमान 12 हवं. महाराष्ट्रात सुरुवातीचं शिक्षण तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या स्कूबा संस्थेत घेता येतं. नायट्रॉक्स हवा असेल तर अंदमानातल्या स्वराज द्वीपावरच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, मोठ्या केंद्रांकडे चौकशी करावी. प्रत्येक टाकीमागे साध्या हवेपेक्षा जादा आकार पडतो, कारण बोटीने आणलेला ऑक्सिजन, टाक्या धुणं आणि ठराविक काळाने बदलावा लागणारा यंत्राचा सेन्सर हे सगळं त्यात येतं. निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात: टाकीमागे जादा किती, अभ्यासक्रमात किती टाक्या धरल्यात, आणि तपासणीचं यंत्र आपल्या हातात देणार का. तिसऱ्याचं उत्तर ‘गरज नाही, आम्ही तपासतो’ असं आलं, तर दुसरं केंद्र पाहावं.

शेवटची गोष्ट खास आपल्यासाठी, कारण आपण उंचावर राहतो. धाराशिव समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे आणि वाटेतली आंबोली त्याहून थोडी वर. डुबकीनंतरच्या विमानप्रवासाचे नियम सुमारे 600 मीटर उंचीपासून लागू होतात: एक डुबकी असेल तर किमान 12 तास, लागोपाठच्या अनेक डुबक्यांनंतर 18 तास थांबायचं. उंची विमानाने गाठली काय अन् जीपने घाट चढून, शरीराला दोन्ही सारखंच. समृद्ध हवा घेतली म्हणून यात सूट मिळत नाही. म्हणून दुपारी डुबकी मारून संध्याकाळीच घाट चढायचा बेत करू नये. रात्र मालवणात काढा, गाडी सकाळी काढा.