दहा पट फॉर्मलीन

आमच्या लालबागच्या शेजाऱ्यांच्या दीड वर्षाच्या लॅब्रॅडॉरला लघवीतून रक्त जात होतं. ‘एवढ्या लहान वयात कॅन्सर कुठला?’ म्हणत अँटिबायोटिक्स चालू राहिली. शेवटी सोनोग्राफीत मूत्राशयात द्राक्षाच्या घडासारखी गाठ दिसली. तिचा तुकडा काढल्यावर पुढे नेमकं काय होतं, ते पाहायला मी परळच्या एका पशु-पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेले.

परळ म्हटलं की कॅन्सरसाठी टाटा हॉस्पिटल आठवतं. मुक्या जनावरांचा दवाखाना आणि १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही याच परळात आहे, हे पटकन आठवत नाही.

लॅबमध्ये शिरताच फॉर्मलीनने डोळे चुरचुरले. गाठींचे काप काढणाऱ्या तिथल्या मामांना त्याचं काहीच नव्हतं. “ताई, गाठीच्या दहा पट फॉर्मलीन लागतं. लोक चटणीच्या बाटलीत गाठ कोंबून आणतात. आतून सडलेली गाठ मी काय कापू?”

तुकड्यातलं पाणी काढून त्यात मेण भरतात आणि त्याचा ब्लॉक होतो. मग मामा मायक्रोटोमचं चाक फिरवू लागले. चार-पाच मायक्रॉन जाडीची फीत पात्यावरून सरकत आली. कोमट पाण्यावर सोडून त्यांनी कुंचल्याने तिची एक चुणी अलगद काढली. या चुणीपायी निदान चुकू शकतं. इतकं जोखमीचं काम करणाऱ्याचं नाव रिपोर्टवर कुठेच नसतं, हे मला खटकलं.

काप रंगवून झाल्यावर लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवला. गोल, निळ्या पेशींची दाटी. लिम्फोमाही असाच दिसू शकतो. त्या शोधत होत्या लांबट, आडव्या रेघांची पेशी. ती सापडली तर हा स्नायूपेशींचा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा. मऊ ऊतींचे बहुतेक कॅन्सर उतारवयातल्या कुत्र्यांना होतात, पण मूत्राशयातला हा प्रकार मोठ्या जातींच्या, दोन वर्षांखालच्या कुत्र्यांतही आढळतो.

उलटही घडतं. तरुण कुत्र्याच्या कातडीवरची लालबुंद हिस्टिओसायटोमा बघून मालक हादरतो आणि ती बहुधा काही आठवड्यांत आपोआप जिरते. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संगातून पसरणारी टीव्हीटीची गाठ बहुतेकदा व्हिन्क्रिस्टीनच्या इंजेक्शनांनी बरी होते. म्हणून काढलेली गाठ तपासणीला न पाठवता कचऱ्यात टाकणं मला गुन्हाच वाटतो.

रेघांची पेशी काही सापडेना. “डेस्मिन करायला हवं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. स्नायूचं हे प्रथिन पेशीत असेल तर ते तपकिरी रंगतं. त्यासाठी मामांना त्याच ब्लॉकचे आणखी काप काढायचे होते. ते जमणार होतं, कारण शेजाऱ्यांच्या सर्जननी तुकडा दहा पट फॉर्मलीनमध्ये पाठवला होता.