चोवीस चेंडूंचा गोलंदाज

अंबाजोगाईच्या दिग्विजय देशमुखचे नाव महाराष्ट्राने आधी पडद्यावर ऐकले. २०१३ मधल्या ‘काय पो छे’ या चित्रपटात क्रिकेटवेड्या अलीची भूमिका करणारा मुलगा तो हाच. पुढे तो वेगवान गोलंदाजी करणारा अष्टपैलू झाला. १७ डिसेंबर २०१९ला जम्मू-काश्मीरविरुद्ध त्याने महाराष्ट्राकडून रणजी पदार्पण केले. त्या सामन्यात त्याने सहा बळी घेतले आणि खालच्या क्रमांकावर येऊन ८३ धावाही केल्या. दोनच दिवसांनी, १९ डिसेंबरला कोलकात्याच्या आयपीएल लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला २० लाखांना घेतले. २०२०चा तो हंगाम अमिरातीत झाला. मुंबईने विजेतेपद मिळवले, पण दिग्विजयला एकही सामना खेळायला मिळाला नाही.

बीड जिल्ह्यात ही हकीकत बहुतेक वेळा ‘नशिबाची साथ नव्हती’ एवढ्यावर संपते. मला ती तिथे संपवावीशी वाटत नाही. जोरात चेंडू टाकणारा, चार षटकांपुरता उपयोगाचा, अजून वरच्या पायरीवर न पोचलेला तरुण गोलंदाज पुढे काय होईल, हे कोणी, कशावरून आणि किती चेंडू पाहून ठरवायचे? या प्रश्नावर जगात भरपूर विचार झाला आहे. आपल्याकडे मात्र तो बहुधा स्पीडगनच्या आकड्यापाशीच थांबतो.

याचा सर्वाधिक विचार अमेरिकेतल्या बेसबॉलने केला. तिथे मुख्य लीगखाली दुय्यम लीगच्या अनेक पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर शेकडो तरुण चेंडूफेके झगडत असतात. त्यांतला एक वर्ग ‘रिलीव्हर’चा. सामन्याच्या शेवटाकडे यायचे, एखादा डाव जीव तोडून चेंडू फेकायचे आणि मोकळे व्हायचे, एवढेच त्यांचे काम. आपल्या टी-ट्वेंटीत डेथ ओव्हर टाकणाऱ्या गोलंदाजाचा हा जवळचा नातेवाईक. बेसबॉलचे पारखी अशा मुलाला २० ते ८० या मापावर गुण देतात. ५० म्हणजे मुख्य लीगमधला सरासरी खेळाडू. यातली शहाणपणाची गोष्ट अशी की वेगाला वेगळे गुण, नियंत्रणाला वेगळे आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या चेंडूला आणखी वेगळे. शिवाय प्रत्येक गुण दोनदा लिहितात, आजचा आणि उद्या अपेक्षित असलेला. ‘पोरगा फास्ट आहे’ या एका वाक्यात आपण हे सगळे कोंबून टाकतो.

नुसत्या वेगाचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टीव्ह डाल्कोव्स्की. तो १९५७ ते १९६५ दुय्यम लीगमध्ये खेळला आणि त्याला पाहिलेले कित्येक जण तोच सर्वांत वेगवान होता असे शपथेवर सांगत. १९६० साली कॅलिफोर्नियात स्टॉक्टनकडून खेळताना त्याने १७० डावांत २६२ फलंदाज बाद केले आणि बरोबर २६२ जणांना स्वैर चेंडूंवर फुकट पहिल्या बेसवर पाठवले. १९५८ साली लष्कराच्या एका केंद्रात त्याचा वेग मोजायचे ठरले. आदल्या दिवशी तो सामना खेळला होता. मोजणीच्या किरणांमधून एक चेंडू नीट जाईपर्यंत सुमारे चाळीस मिनिटे गेली आणि आकडा आला ९३.५ मैल, म्हणजे ताशी साधारण १५० किलोमीटर. दमलेल्या हाताचा तो आकडा कशाचा पुरावा मानायचा?

पण डाल्कोव्स्कीची मला जास्त मोलाची वाटणारी गोष्ट १९६२ची आहे. एल्मायराच्या संघात अर्ल वीव्हर हा व्यवस्थापक त्याला भेटला. वीव्हरने त्याच्यासमोरच्या सूचना कमी केल्या, साध्या केल्या. त्या वर्षी १६० डावांत त्याने १९२ बाद केले आणि फुकट सोडलेले फलंदाज ११४ वर आले. वेग तोच, हात तोच, फक्त शिकवणारा त्या मुलाला ओळखणारा निघाला. १९६३च्या वसंतात मुख्य संघाचे दार उघडत असतानाच त्याचे कोपर दुखावले. मुख्य लीगमध्ये तो एकदाही खेळला नाही.

आता बीडच्या शेजारी, तुळजापूरला येऊ. राजवर्धन हंगरगेकर नोव्हेंबर २००२चा. ताशी १४०च्या घरातला वेग, उजव्या हाताच्या फलंदाजाला आत येणारा चेंडू आणि खाली येऊन लांब षटकार मारायची ताकद. २०२२च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषक विजेत्या संघात तो होता. लगेचच्या लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटींना घेतले आणि पहिले पूर्ण वर्ष बाकावर बसवले. ३१ मार्च २०२३ला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध त्याला उतरवले तेव्हा चार षटकांत ३६ धावा देऊन त्याने वृद्धिमान साहा, साई सुदर्शन आणि विजय शंकर असे तिघे टिपले. पुढच्या सामन्यात त्याला फक्त दोन षटके मिळाली, ती महागडी गेली, आणि त्या हंगामातला त्याचा वाटा तिथेच संपला. २०२४च्या अखेरच्या लिलावात लखनौने त्याला ३० लाखांना घेतले.

दीड कोटींवरून तीस लाख. बाजाराने त्याचे मूल्यमापन केले असे कोणी म्हणेल. पण सहा षटके म्हणजे ३६ चेंडू. एवढ्या चेंडूंवर कोणाचाही निकाल लावता येत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. थोड्या षटकांच्या गोलंदाजावर मुळातच हा अन्याय आहे. फलंदाज जमला तर तासभर खेळत राहतो. याला दिवसाला जास्तीत जास्त २४ चेंडू मिळतात आणि त्यातला एक झेल सुटला की सगळा हिशेब बदलतो. म्हणून बळी किती, धावा किती हे आधी पाहूच नये. हवा तिथे चेंडू किती वेळा पडला, यॉर्कर टाकायचा ठरवल्यावर तो खरोखर बुंध्यात गेला की फुलटॉस झाला, संथ चेंडूला हाताचा वेग तोच राहिला का, चौकार बसल्यावर पुढचा चेंडू कसा आला, हे मोजावे. थोड्या चेंडूंतूनही या गोष्टी पुष्कळ सांगून जातात. याच राजवर्धनने जुलै २०२३मध्ये कोलंबोत उदयोन्मुखांच्या आशिया चषकात पाकिस्तान ‘अ’विरुद्ध ४२ धावांत पाच बळी घेतले, तेही पन्नास षटकांच्या सामन्यात. तिथे परत येऊन दुसरा, तिसरा हप्ता टाकावा लागतो. माझ्या लेखी तो दिवस लिलावाच्या दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त सांगतो.

बीडच्या मुलाच्या बाबतीत आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली चेंडूची. गावोगावच्या स्पर्धा टेनिस बॉलवर होतात. साधा टेनिस बॉल साठ ग्रॅमच्याही आतला आणि क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. टेनिस बॉलवर मनगटाच्या झटक्याने वेग काढणाऱ्याच्या खांद्याला, पाठीला लेदर बॉलचा भार सोसेल का, हे काही महिने पाहिल्याशिवाय कळत नाही. दुसरी खेळपट्टीची. सिमेंटवरच्या मॅटिंगवर चेंडू आपसूक उसळतो. टर्फवर तीच लांबी आयती बॅटवर जाते. २०२४च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषक उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ धावा काढणारा सचिन धस बीड शहरातच घडला, म्हणजे हे अंतर कापता येते. पण तो फलंदाज. वेगवान गोलंदाजाला पाय रोवायला, घसरायला पूर्ण लांबीची जमीन लागते.

तिसरी गोष्ट शरीराची. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून फेकतात, म्हणून तिथे कोपराचा अस्थिबंध तुटतो. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर जी शस्त्रक्रिया केली ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाचे दुखणे कमरेत. चेंडू सोडताना पुढचा पाय आपटतो, धड एका बाजूला झुकते, आणि मणक्याच्या खालच्या हाडाला बारीक तडा जातो. विशीच्या आतबाहेर, हाडे पूर्ण पक्की होण्याआधी हा धोका सर्वाधिक. दिवसाला तीन टेनिस सामने खेळून बक्षिसे आणणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाचे कौतुक करताना त्याच्या कमरेची चौकशी करणारा कोणी तरी हवाच. वयाचेही तसेच. पंधराव्या वर्षी १३० आणि एकोणिसाव्या वर्षी १३० यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. लहान वयोगटात भारतीय क्रिकेट मंडळ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय तपासते ते याचसाठी.

आणि चौथी गोष्ट कुठल्याच मापात बसत नाही. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. देशातला क्रिकेटचा हंगामही नेमका तेवढाच, ऑक्टोबर ते मार्च. ज्या घराचा कोयता फडात आहे त्या घरातला मुलगा निवडीच्या मोसमात जिल्ह्यातच नसतो. त्याचा वेग मोजायला कोणी आलेच, तर तो तिथे उभा नसेल. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत पोचला. पण त्याचे पाय ओळखले सैन्याने, महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर. जिल्ह्यातली शरीरे किती चिवट आहेत हे साबळेने दाखवले आहे. खांदेही तसेच असणार, असे मी ठामपणे मानतो.

२०२३च्या जूनपासून गहुंज्यात महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, तीत मराठवाड्याचा छत्रपती संभाजी किंग्ज संघ आला आणि पहिल्या हंगामात हंगरगेकर त्याचा कर्णधार होता. आपली दुय्यम लीग म्हणायची तर हीच. ती जूनमध्ये असते, म्हणजे फडावरून माणसे परतलेली असतात. या स्पर्धेआधी एप्रिल-मे महिन्यांत बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी, आष्टी इथे चाचण्या झाल्या आणि प्रत्येक मुलाला एका दुपारी सहा चेंडूंऐवजी तीन-चार आठवड्यांत दोनशे चेंडू टाकायला मिळाले, तर निवडणाऱ्यांच्या हाती खरी माहिती येईल. त्याला फार मोठा पैसा लागत नाही. एक टर्फची पट्टी, एक फिजिओ आणि वही घेऊन बसणारा माणूस पुरतो.

किती काळ वाट पाहायची, याचे उत्तर बीडला लागूनच असलेल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे आहे. श्रीरामपूरचा झहीर खान चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला. रणजीत सुरुवातीला खेळला तो बडोद्याकडून. २००० साली भारतीय संघात आला तेव्हा सगळे त्याच्या वेगाबद्दल आणि यॉर्करबद्दल बोलत होते. मग दुखापती झाल्या, जागा गेली. २००६ साली तो वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेऊन परतला. रन-अप आखूड, चेंडूवर ताबा पूर्ण. २०११च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. कसोटीतले ३११ बळी बव्हंशी या दुसऱ्या झहीरचे आहेत. वूस्टरच्या त्या उन्हाळ्यात तो २७ वर्षांचा होता. राजवर्धन त्या वयाला नोव्हेंबर २०२९मध्ये पोचेल.