न केलेल्या उड्डाणाचा पगार

दक्षिण सुदानमध्ये मी सेस्ना कॅरॅव्हॅन चालवायचो. एका इंजिनाचं हे विमान दहा-बारा माणसं किंवा साधारण टनभर सामान नेतं आणि मातीच्या पट्टीवर उतरतं, म्हणून मदतकार्यात ते सगळीकडे दिसतं. सकाळी राजधानी जुबातून निघायचं आणि दिवसभरात तीन-चार ठिकाणी उतरायचं. सोबत परिचारिका, लसींच्या शीतपेट्या, कुपोषित मुलांसाठी शेंगदाण्याच्या पोषक पेस्टची खोकी. परतताना कधी गोळी लागलेला माणूस.

विमानावर ‘यूएन’ लिहिलेलं असतं म्हणून वैमानिक संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत असतो, असा समज आहे. तसं नसतं. संयुक्त राष्ट्रांची मानवतावादी हवाई सेवा जागतिक अन्न कार्यक्रम चालवतो आणि विमानं, वैमानिकांसकट, खासगी कंपन्यांकडून भाड्याने घेतो. आमचा पगार, विमा, सुट्टी हे सगळं कंपनीशी झालेल्या कंत्राटावर अवलंबून. मिशन एव्हिएशन फेलोशिपसारख्या ख्रिस्ती संस्थेत तर वैमानिक आपल्या चर्चमधून आणि ओळखीच्यांकडून वर्गणी उभी करून स्वतःचा खर्च भागवतात.

सहसा सहा-आठ आठवडे सलग काम आणि मग काही आठवडे घर. राहायला कंटेनरची खोली, वीज जनरेटरची, अंधार पडल्यावर बाहेर जायला बंदी. मलेरिया जवळजवळ गृहीतच धरायचा. त्यावरचं मेफ्लोक्विन नावाचं प्रतिबंधक औषध वैमानिकांना चालत नाही, कारण त्याने भोवळ येते, मनाचा तोल जाऊ शकतो. दुसरी गोळी रोज घ्यायची. ताप आला की बरं होईपर्यंत उड्डाण बंद, आणि कंत्राट तसं असेल तर पैसेही बंद.

मी यवतमाळकडचा. जोंगलेई, युनिटी, अपर नाईल या राज्यांतली जमीन पाहिली आणि ओळख पटली: आपल्या कापसाची तीच भारी काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पाऊस लागला की चिखल. वाफसा आल्याशिवाय आपल्याकडे कुणी शेतात औत घालत नाही. तिथे पट्टीला वाफसा आलाय का, हे शेकडो किलोमीटर दूर जुबात बसून ठरवायचं. पट्टीवरचा माणूस सॅटेलाइट फोनवर सांगतो, रात्री पाऊस झाला, पण आता ऊन आहे. पोहोचल्यावर आधी पट्टीवरून एक खालची चक्कर मारतो. गुरं, पोरं बाजूला होतात, साचलेलं पाणी चमकतं. वरचा पापुद्रा वाळलाय आणि खाली चिखल आहे, हे मात्र वरून कळत नाही. एक चाक रुतलं की विमान गर्रकन फिरतं आणि पंखा जमिनीला लागतो.

मे ते ऑक्टोबर रस्ते बंद असतात, म्हणून तर विमान लागतं. म्हणजे आमची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच उतरणं सर्वांत अवघड. मार्चमध्ये जमीन कठीण असते, पण पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. तापलेली हवा विरळ होते, धाव लांबते आणि भार कमी करावा लागतो. काय ठेवून जायचं, हे कॅप्टनला सांगावं लागतं. समोर डॉक्टर उभे असतात.

बंदुकीचं भय वेगळं. 26 ऑगस्ट 2014 रोजी बेंटिऊजवळ संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, तिघे कर्मचारी गेले. मार्च 2025 मध्ये नासिरला जखमींना न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, एक कर्मचारी गेला. लढणाऱ्या बाजूंकडून सुरक्षेची हमी घेऊनच विमान निघतं, पण गोळी झाडणाऱ्या पोरापर्यंत ती हमी पोचलीय का, हे कोण सांगणार?

तरीही मला सर्वांत जास्त खटकलं ते कंत्राटातलं एक कलम. माझ्या पहिल्या कंपनीत मूळ पगार थोडा होता, बाकी हवेत घालवलेल्या तासांप्रमाणे. न उतरता मागे फिरलो तर त्या दिवशी तास कमी आणि पुढची फेरीही रद्द. फेब्रुवारी 2017 मध्ये युनिटी राज्याच्या लीर आणि मायेंदित भागांत दुष्काळ जाहीर झाला. खाली भुकेली माणसं आहेत, हे ठाऊक असताना ‘नाही’ म्हणणं जड जातं. त्यात घराचा हप्ताही ‘उतर’ म्हणत असेल तर थांबवणारं कुणीच उरत नाही. पुढच्या कंत्राटात ठरावीक मासिक पगार होता. पट्ट्या त्याच, पाऊस तोच. निर्णय मात्र मी मातीकडे बघून घेऊ लागलो. माझ्या मते सुरक्षेच्या कुठल्याही प्रशिक्षणाइतकीच ही एक अट मोलाची आहे. देणगीदार हात आखडता घेतात तेव्हा भाड्याचा दर खाली ओढला जातो, आणि मग आधी हीच अट सुटण्याचा धोका असतो.

दोनशे तासांचा व्यावसायिक परवाना हातात असलेली आपल्याकडची मुलं-मुली मला या कामाबद्दल विचारतात. जरूर या, असंच सांगतो. असं विमान चालवायला आणि इतकं उपयोगी पडायला दुसरीकडे क्वचित मिळतं. पण सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: विमान जमिनीवर उभं राहिलं तरी मिळणारा पगार, आजारी पडलात तर नैरोबीला न्यायचा खर्च कोण करणार, आणि वैद्यकीय कारणाने परवाना गेला तर विमा किती.